कॅमेऱ्यांतील आरसा

गुरु सिंह राशीस आला कीं नाशिक व त्र्यंबकेश्वर येथें सिंहस्थ भरतो. बारा वर्षांनीं येणाऱ्या त्या पर्वणीस रामकुंडावर भाविकांचा जो लोट येतो, त्याच्या मागोमाग छायाचित्रकारांचाहि एक लहानसा लोट येतो. भाविकाच्या दृष्टीनें बारा वर्षांपूर्वींची गोदावरी आणि आजची गोदावरी एकच. परंतु छायाचित्रकाराच्या हातांतील पेटी मात्र दर सिंहस्थास निराळी असते. सन १९९१ मध्यें ती पेटी फिल्मची होती. सन २००३ मध्यें फिल्म आणि डिजिटल या दोहोंचा झगडा चालू होता. सन २०१५ मध्यें डिजिटल कॅमेऱ्याचा विजय पुरा झाला होता, तरी त्याच्या पोटांत एक जुना आरसा शिल्लक होता. त्यापुढील, म्हणजे २०२७ च्या, पर्वणीसाठीं धंदेवाईक छायाचित्रकार जो कॅमेरा पसंत करतो, त्यांतून तो आरसाहि निघून गेलेला आहे.

महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक लहानसा डीएसएलआर कॅमेरा कपाटांत पडून असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं तो मोठ्या हौसेनें घेतलेला असतो. मुलाची मुंज, नातीचें बारसें, पंचवटींतील पहांट, असें पुष्कळ कांहीं त्यानें टिपलेलें असतें. आतां आरसाविरहित कॅमेरा, ज्यास सर्वत्र मिररलेस म्हणतात तो, दुकानांत पाहून घरांतील तरुण मंडळी विचारतात, कीं हा जुना मोडींत काढावयाचा ना? प्रश्न घरगुती आहे खरा. पण त्याचें उत्तर इतिहासांत दडलेलें आहे. आरसा कॅमेऱ्यांत कां आला, त्यानें काय दिलें, काय घेतलें, आणि शेवटीं तो कां निघाला, हें समजल्यावांचून जुन्यानव्याचा निवाडा करतां येत नाहीं. नाशिककरांस तर हा इतिहास शोधावयास फार दूर जावयास नको. त्याचा एक धागा त्यांच्याच गांवांतून गेलेला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. मुंबईचें जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचें कलाभवन, गोध्रा येथील छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी आणि पुढें छापखाना, असे अनेक उद्योग करीत या गृहस्थानें चाळिशी ओलांडली. सन १९११ मध्यें मुंबईस गिरगांवांत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट त्यांनीं पाहिला, आणि आपल्या देवादिकांचीं चरित्रें अशींच पडद्यावर आणावीं या ध्यासानें त्यांना पछाडलें. रात्रंदिवस चित्रपट पाहून व प्रयोग करून त्यांचे डोळे बिघडले, कांहीं काळ दृष्टीच जावयाची वेळ आली. उपचारानें ती परत आली. पुढें १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते विलायतेस निघाले. तेथें त्यांनीं विल्यमसन या कंपनीचा एक कॅमेरा खरेदी केला, फिल्मला भोकें पाडण्याच्या यंत्राची व कच्च्या फिल्मची तजवीज केली, आणि एप्रिल महिन्यांत ते स्वदेशीं परतले.

विल्यमसनचा तो कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. पुढें भिंग, आंत फिल्म, आणि बाजूस हातानें फिरवावयाचा दांडा. दांडा सेकंदास दोन फेरे या बेतानें फिरवावा आणि दर फेऱ्यास आठ चित्रें उमटावीं, असा त्या काळचा सर्वसाधारण प्रघात होता. म्हणजे सेकंदास सोळा चित्रें. त्याहून हात जलद चालला तर पडद्यावर माणसें संथ होत, हात मंदावला तर तींच माणसें धांवूं लागत. विजेची मोटार नाहीं, वेग दाखविणारा कांटा नाहीं. दांडा फिरविणाऱ्यानें मनांतल्या मनांत ताल धरावयाचा, एवढाच काय तो उपाय. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळीं हें काम फाळक्यांचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांनीं केलें.

कच्ची फिल्म परदेशाहून येई ती बिनभोकांची. तिच्या कडांना भोकें पाडल्यावांचून ती यंत्रांतून सरकत नसे, आणि तें काम काळोखांतच करावें लागे. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाक आटोपून रात्रीं अंधारांत हें भोकें पाडण्याचें काम करीत. फिल्म धुण्याचें रासायनिक कामहि त्या शिकल्या. घरांतले दागिने तर या उद्योगापायीं आधींच गहाण पडले होते. मुंबईंत ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याची लांबी ३,७०० फूट. एका फुटांत सोळा चित्रें मावतात. तेव्हां त्या चार रिळांत एकंदर ५९,००० हून अधिक चित्रें भरलीं. इतक्या चित्रांना लागणारीं भोकें एका गृहिणीच्या हातांखालून गेलीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु प्रस्तुत विषयास महत्त्वाची गोष्ट ती निराळीच आहे. त्या काळच्या बहुतेक पेट्यांत, चित्र उमटत असतांना भिंगांतून काय दिसत आहे हें चालकास नीट पाहतां येत नसे. दृश्याची जुळवाजुळव आधीं करून घ्यावयाची, अंतर मोजून भिंग बसवावयाचें, नट कोठवर सरकला म्हणजे चौकटीबाहेर जाईल तें जमिनीवर खुणेनें ठरवावयाचें, आणि मग बाजूच्या लहानशा खिडकींतून अंदाज घेत दांडा फिरवावयाचा. जें उमटलें तें फिल्म धुतल्यावरच कळावयाचें. फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून, त्याचा अंकुर वाढत असतां दिवसानुदिवस एकेक चित्र घेतलें आणि रोप डोळ्यांदेखत वर येतें असें दाखविणारी चिमुकली फिल्म तयार केली. तिच्या जोरावर त्यांना एका स्नेह्याकडून भांडवल मिळालें. या प्रयोगांतहि, महिनाभर कॅमेरा जराही हलला नाहीं व प्रकाश बिघडला नाहीं, याची परीक्षा अखेरीसच व्हावयाची होती.

‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर फाळक्यांनीं आपलें बिऱ्हाड नाशिकास हलविलें आणि पुढील चित्रपट तेथें काढले. सन १९१७ च्या ‘लंकादहना’नें त्यांना अलोट यश दिलें, सन १९१८ मध्यें नाशिक येथें हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्यांच्या चित्रपटांतील चमत्कार एकाच फिल्मवर दोनदां चित्र घेऊन साधावे लागत. पहिल्या वेळीं किती चित्रें झालीं तें मोजून, फिल्म तेवढीच मागें गुंडाळून, पुन्हां त्याच जागीं दुसरें दृश्य उतरवावयाचें. येथें डोळ्याचें कामच नव्हतें. काम होतें तें मोजणीचें आणि स्मरणशक्तीचें. कोल्हापुरास बाबुराव पेंटर यांनीं तर कॅमेराच स्वतः घडविला आणि त्यावर सन १९२० चा ‘सैरंध्री’ काढला. महाराष्ट्रांतील छायाचित्रकलेचा पाया अशा न पाहतां अचूक घेणाऱ्या माणसांनीं घातलेला आहे.

यंत्राचा डोळा एकीकडे आणि माणसाचा डोळा दुसरीकडे, ही छायाचित्रणाची मूळची अडचण. दूरच्या डोंगराचें चित्र घ्यावयाचें तर या दोन डोळ्यांतील चार बोटांचें अंतर कांहीं बाधत नाहीं. पण समोर बसलेल्या मुलाचा चेहरा टिपतांना तेंच अंतर घात करतें. खिडकींतून पाहिलें तर डोकें चौकटींत पुरें दिसतें, आणि प्रत्यक्ष चित्रांत तें कापलें जातें. शिवाय भिंग नीट जुळलें आहे कीं चेहरा धूसर येणार, हें बाजूच्या खिडकींतून समजण्यास मार्ग नाहीं. मोठ्या तिपाईवरील कॅमेऱ्यांत यावर जुना उपाय होता. डोक्यावर काळें फडकें घेऊन, मागच्या घासलेल्या कांचेवर उलटें पडलेलें चित्र पाहावयाचें, मग ती कांच काढून तेथें प्लेट सरकवावयाची. पण प्लेट सरकविली कीं डोळे पुन्हां बांधले गेलेच. आणि तेवढ्या अवधींत मूल हललेंहि.

या अडचणीवरील तोडगा छायाचित्रणाच्या शोधाआधींच सुचलेला होता. सन १६८५ मध्यें योहान झान या जर्मन पंडितानें काळोखी पेटीचें जें वर्णन केलें, त्यांत भिंगामागें तिरपा आरसा बसवून चित्र वरच्या कांचेवर सुलट पाडण्याची युक्ति होती. सन १८६१ मध्यें टॉमस सटन या इंग्रजानें छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांत असाच आरसा बसविण्याचा हक्क नोंदविला. कल्पना सोपी आहे. भिंगांतून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत झुकलेल्या आरशावर पडतो व वर वळतो; माणूस तें चित्र पाहतो; आणि कळ दाबतांच आरसा क्षणभर बाजूस होऊन तोच प्रकाश मागच्या प्लेटीवर जाऊं देतो. पाहणारें भिंग आणि घेणारें भिंग एकच. एकाच भिंगाचा व परावर्तनाचा म्हणून त्यास सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजेच एसएलआर, असें नांव पडलें.

तरीहि हा आरसा सर्वांच्या हातांत यावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. ड्रेस्डेन शहरीं तयार झालेला एक्झाक्टा हा लहान फिल्मवरचा कॅमेरा सन १९३६ मधला. पण त्यांत वरून वाकून पाहावें लागे, आणि चित्र उभें दिसलें तरी डावें तें उजवें दिसे. पळणाऱ्या मुलामागें कॅमेरा वळवावा तर मूल चौकटींत उलट्याच बाजूस धांवे. सन १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यांत आरशावर पांच बाजूंचा लोलक बसला आणि डोळ्यासमोर धरूनच चित्र सर्वथा सुलट दिसूं लागलें. तरी एक व्यंग उरलेंच होतें. कळ दाबल्यावर आरसा वर जाई तो वरच राही, आणि पुढचें चित्र ओढून घेईपर्यंत छायाचित्रकार आंधळा होई. सन १९५४ मध्यें जपानच्या असाही कंपनीनें आरसा आपोआप परत खालीं आणण्याची योजना रूढ केली. सन १९५९ मध्यें निकॉन एफ निघाला, आणि तेथून पुढें निदान चार दशकें जगांतील वृत्तपत्रांचीं छायाचित्रें मुख्यतः आरशाच्या कॅमेऱ्यानेंच घेतलीं गेलीं.

आरशानें माणसास दृष्टि दिली. पण ती फुकट दिली नाहीं. एक तर आरशाला हलण्यास जागा हवी, म्हणून भिंग मागील फिल्मपासून दूर ठेवावें लागलें. निकॉनच्या जुन्या बैठकींत हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. दुसरें, आरसा ही हलणारी वस्तु. ती वर आपटते, खालीं येते, खट्‌ असा आवाज होतो, पेटीला सूक्ष्म धक्का बसतो, आणि एका सेकंदांत ती कितीदां वरखालीं करावी यालाहि मर्यादा पडते. तिसरें व्यंग सर्वांत मोठें. आरसा ज्या क्षणीं वर जातो, नेमक्या त्याच क्षणीं चित्र उमटतें. म्हणजे जो क्षण टिपला गेला तो छायाचित्रकारानें पाहिलेलाच नसतो! त्यानें पाहिला तो आदला क्षण आणि नंतरचा क्षण. फाळक्यांच्या पेटींतील आंधळेपण आरशानें पुष्कळ कमी केलें, पण चिमूटभर शिल्लक ठेवलेंच.

पुढें फिल्मची जागा विद्युत्‌कणांनीं घेतली. कोडॅक कंपनींत सन १९७५ मध्यें पहिला डिजिटल कॅमेरा प्रयोगादाखल तयार झाला. सन १९९१ मध्यें, म्हणजे नाशिकास सिंहस्थ होता त्याच वर्षीं, त्याच कंपनीनें निकॉन एफ-३ च्या पाठीमागें १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून पहिला विक्रीचा डीएसएलआर काढला; त्याचीं चित्रें सांठविण्याची पेटी खांद्यास निराळी अडकवावी लागे. पुढील सिंहस्थाच्या वेळीं, सन २००३ च्या ऑगस्टमध्यें, कॅननचा ३००-डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा हजार डॉलरांच्या आंत जाहीर झाला, आणि डीएसएलआर ही वस्तु श्रीमंत संस्थांच्या हातून मध्यमवर्गीयाच्या हातांत आली. फिल्म गेली, पण आरसा, लोलक, पडदा, हीं सर्व जुन्या घरांतलीं भांडीं नव्या बिऱ्हाडांतहि तशींच आलीं.

कपाटांतल्या त्या जुन्या कॅमेऱ्याचा नमुना म्हणून निकॉनचा डी-३१०० घेतां येईल. सन २०१० मध्यें तो नवशिक्यांसाठीं निघाला. त्याचा सेन्सर १४.२ मेगापिक्सेलचा. त्यांत किंमत उतरविण्यासाठीं भरीव लोलकाच्या ऐवजीं पांच आरशांची जुळणी बसविलेली आहे. त्यामुळें डोळ्यास दिसणारें चित्र जरा लहान व मंद दिसतें, आणि कडेचा सुमारें पांच टक्के भाग दिसतच नाहीं. मुख्य आरशामागें दुसरा एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश तळाशीं पाठवितो आणि तेथें ११ बिंदूंवर अंतर मोजून भिंग जुळविलें जातें. सेकंदास चित्रें निघतात तीन. गंमत अशी, कीं या कॅमेऱ्याला पाठीवर पडदाहि आहे, आणि त्या पडद्यावर दृश्य पाहावयाचें म्हटलें कीं आरसा वर उचलून धरावा लागतो. चलच्चित्र घेतांनाहि तसेंच. म्हणजे आरशाशिवाय पाहतां येतें ही कबुली त्या आरशाच्या कॅमेऱ्यानेंच देऊन ठेवली होती.

मग आरसा ठेवावा तरी कशाला, असा प्रश्न येणें क्रमप्राप्त होतें. सन २००८ मध्यें पॅनासॉनिकनें जी-१ हा भिंगें बदलतां येणारा, पण आरसा नसलेला कॅमेरा काढला. सन २०१३ मध्यें सोनीनें ए-७ मालिकेंत जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा मोठा सेन्सर त्याच रीतीनें बसविला. आरंभीं धंदेवाईक मंडळींनीं नाक मुरडलें, आणि त्यांचें चुकत होतें असेंहि नाहीं. डोळ्याजवळील चिमुकल्या पडद्यावरचें चित्र प्रत्यक्षाहून किंचित्‌ मागें राही. वेगवान हालचाल आली कीं तें अडखळे. बॅटरी भराभर संपे. सन २०१७ मध्यें सोनीच्या ए-९ नें सेन्सर व त्याची स्मृति एकावर एक रचून, सेन्सर वाचण्याचा वेग एवढा वाढविला कीं चित्र घेतांना पडद्यावर अंधार होण्याचें कारणच उरलें नाहीं. सन २०१८ मध्यें कॅनन आणि निकॉन हे आरशाचे दोन जुने मानकरीहि तेवढाच मोठा सेन्सर घेऊन त्याच वाटेस लागले.

सन २०२१ मध्यें निघालेला निकॉनचा झेड-९ हा धंदेवाईक कॅमेरा जुन्या डी-३१०० शेजारीं ठेवून पाहिला म्हणजे एका तपांत किती अंतर तोडलें गेलें तें कळतें. आरसा नाहीं, एवढेंच नव्हे तर यांत यांत्रिक पडदाहि नाहीं. सेन्सर ४५.७ मेगापिक्सेलचा, आणि क्षेत्रफळानें जुन्याच्या जवळजवळ अडीचपट. अंतर मोजण्याचे बिंदु ११ च्या ऐवजीं ४९३, आणि ते सेन्सरवरच असल्यानें मोजणी एका जागीं व चित्र दुसऱ्या जागीं, हा जुना घोटाळा संपला. माणसाचा डोळा, पक्षी, वाहन हें तो स्वतः ओळखून त्याचा पाठलाग करतो. जुन्या कॅमेऱ्याचा सर्वांत लहान क्षण सेकंदाचा १/४,००० भाग, याचा १/३२,००० भाग. भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरचें अंतर ४६.५ वरून १६ मिलिमीटरवर आलें, आणि बैठकीचें तोंड ४४ वरून ५५ मिलिमीटर रुंद झालें. त्यामुळें भिंगें घडविणारास कोपऱ्यापर्यंत रेखीव चित्र देणें सोपें झालें. आवाज तर होतच नाहीं. जो खट्‌ असा आवाज ऐकूं येतो तो संवयीखातर ध्वनिवर्धकांतून काढलेला असतो. भजन चालू असतां किंवा लग्नांत मंगलाष्टकांच्या वेळीं तो बंद ठेवतां येतो.

आणखी एक आंकडा विशेष बोलका आहे. झेड-९ सेकंदास पूर्ण दर्जाचीं वीस स्थिर चित्रें घेतो. फाळक्यांच्या काळीं चलच्चित्राचा दांडा सेकंदास सोळा चित्रें देत होता. म्हणजे ज्या गतीला पूर्वीं सिनेमा म्हणत, त्याहून अधिक गतीनें आतां एक स्थिर चित्राचा कॅमेरा चालतो. आणि या साऱ्या वेळांत पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढील चित्र एकदांहि मिटत नाहीं. टिपला जाणारा क्षण टिपणाऱ्यास दिसावा, ही इच्छा अशा रीतीनें पुरी झाली.

इतकें ऐकल्यावर जुन्या कॅमेऱ्याच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहीं उरलें आहे काय? अवश्य उरलें आहे. झेड-९ मध्यें जें दिसतें तें प्रत्यक्ष दृश्य नव्हे, तें दृश्याचें विद्युत्‌चित्र होय. आरशाच्या कॅमेऱ्यांत मात्र रामकुंडावरच्या पहांटेचा जो प्रकाश पाण्यावरून येतो, तोच भिंगांतून व आरशावरून डोळ्यांत शिरतो. मध्यें कोणी दुभाषी नाहीं. आणि त्यास वीज लागत नाहीं. डी-३१०० ची बॅटरी ७.६ वॅट-तासांची, तरी ती ठरीव कसोटीनें ५५० चित्रें देते. झेड-९ ची बॅटरी सुमारें ३६ वॅट-तासांची, म्हणजे पावणेपांचपट मोठी, पण ती साऱ्या ७४० चित्रांच्या आसपास देते. अखंड दिसणाऱ्या पडद्याचें हें मोल आहे. वजन पाहावें तर जुना कॅमेरा बॅटरीसह पांचशें ग्रॅमच्या आसपास, नवा तेराशेंच्या वर. किंमतीचें तर विचारूंच नये. डी-३१०० भिंगासह अमेरिकेंत सुमारें ७०० डॉलरला निघाला होता. झेड-९ चें नुसतें धड सन २०२१ मध्यें ५,५०० डॉलरला निघालें होतें. निकॉनची सन १९५९ ची भिंगाची बैठक जुन्या कॅमेऱ्यापर्यंत चालत आलेली असल्यामुळें त्याला जुनीं भिंगें स्वस्तांत मिळतात. मात्र ज्या भिंगांत स्वतःची मोटार नाहीं तीं त्यावर हातानें जुळवावीं लागतात.

चित्राच्या आकाराचाहि हिशेब करून पाहावा. डी-३१०० चें चित्र ४,६०८ बाय ३,०७२ बिंदूंचें असतें. उत्तम छपाईस इंचाला तीनशें बिंदु लागतात असें धरलें, तर त्यावरून पंधरा इंच लांब व दहा इंच रुंद असें चित्र निर्दोष छापतां येईल. दिवाणखान्याच्या भिंतीवर याहून मोठी तसबीर किती घरांत असते? झेड-९ चें चित्र सत्तावीस इंचांच्या पुढें जातें; तें मोठ्या फलकाला, नियतकालिकाच्या दुपानी चित्राला, किंवा दूरचा लहानसा भाग कापून वाढविण्याला उपयोगी. ज्यास असा उपयोग नाहीं त्यानें त्यासाठीं मोजलेले पैसे पेटींतच राहतात, चित्रांत उतरत नाहींत.

तेव्हां निवाडा असा, कीं ज्याचें पोट कॅमेऱ्यावर आहे त्याला नवा कॅमेरा ही चैन नव्हे. पर्वणीच्या दिवशीं आखाड्यांचे साधू कुंडांत उतरतात तो क्षण पुन्हां यावयास बारा वर्षें लागतात. पहांटेचा उजेड अपुरा, गर्दीचा धक्का, आणि उभें राहण्यास जागा हातभर. तेथें सेकंदास तीन आणि सेकंदास वीस यांतलें अंतर म्हणजे मिळालेलें चित्र आणि हुकलेलें चित्र यांतलें अंतर होय. लग्नाच्या अंधाऱ्या मांडवांत, नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर उडणाऱ्या पक्ष्यांमागें, मैदानावरच्या खेळांतहि तीच गोष्ट. परंतु ज्यास घरांतलीं माणसें, प्रवास, सणवार टिपावयाचें आहे, आणि कला शिकावयाची आहे, त्याचा जुना कॅमेरा मोडींत काढण्याजोगा झालेला नाहीं. सेकंदास तीनच चित्रें मिळतात हें माहीत असलें म्हणजे माणूस वाट पाहावयास शिकतो. अकराच बिंदु असले म्हणजे कोठें पाहावें याचा निर्णय स्वतः घेतो. या दोन संवयी लागल्या तर पुढें नवा कॅमेरा हातीं आल्यावर त्या फुकट जात नाहींत. उलट त्या नसल्या तर सेकंदाला वीस या वेगानें नुसतीं चुकीचींच चित्रें जमतात.

याहून एक गंभीर प्रश्न शेवटीं उरतो, आणि तो जुन्या व नव्या दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच लागू आहे. घेतलेल्या चित्राचें पुढें होतें काय? ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकीं थोडाच भाग आज पाहावयास मिळतो. फाळक्यांनीं काढलेल्या बहुतेक चित्रपटांची आतां केवळ नांवें राहिलीं आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही; ती न जळली तरी कुजते. पुण्यास सन १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तोंपर्यंत पुष्कळ नाहींसें झालें होतें, आणि जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच सांठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागून आणखी अनेक जुने चित्रपट गेले. भोकें पाडणारे हात, दांडा फिरविणारे हात, गहाण पडलेले दागिने, या सर्वांची कमाई अशी अर्धीमुर्धी आपल्या हातीं आलेली आहे.

डिजिटल चित्र जळत नाहीं, कुजत नाहीं, अशी एक समजूत आहे. पण ज्या तबकडीवर तें असतें ती एके दिवशीं चालू होत नाहीं, आणि मग दहा वर्षांचें घर एका क्षणांत पुसलें जातें. सेकंदास वीस चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यामुळें हें संकट कमी न होतां वाढलें आहे, कारण हजारों चित्रांतून जपण्याजोगें कोणतें हें निवडावयास कोणास सवड नसते. निवड झाली नाहीं म्हणजे जतनहि होत नाहीं. यास्तव दरवर्षीं निदान पन्नास चित्रें निवडून चांगल्या कागदावर छापून घ्यावीं, मागें तारीख, गांव व माणसांचीं नांवें लिहावीं, आणि मूळ चित्रांच्या दोन प्रति दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. नव्या कॅमेऱ्याच्या किंमतीचा शंभरावा हिस्साहि यास लागणार नाहीं.

दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकांत निवर्तले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारक आहे, आणि सन १९६९ पासून चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान त्यांच्या नांवानें दिला जातो. त्यांच्या लाकडी पेटींत आरसा नव्हता. झेड-९ मध्येंहि नाहीं. पहिल्यापाशीं आरसा नव्हता तेव्हां पाहण्याचें सारें काम माणसाच्या मनास करावें लागे. दुसऱ्यापाशीं नाहीं तेव्हां तें बरेचसें यंत्रच करतें. मधल्या काळांतील जो आरशाचा कॅमेरा घरोघरीं कपाटांत आहे, तो या दोहोंच्या मधल्या पायरीवर उभा आहे. त्यांत कांहीं यंत्र पाहतें आणि कांहीं माणसास पाहावें लागतें. पुढच्या सिंहस्थास घाटावर जातांना ज्याला नवा घेणें परवडत नाहीं, त्यानें खंत न मानतां तोच कॅमेरा कपाटांतून काढावा, भिंग मऊ फडक्यानें पुसावें, बॅटरी रात्रींच भरून ठेवावी, आणि पहांटेचा उजेड यावयाच्या आधीं आपली जागा धरावी. मग परत आल्यावर जीं चित्रें साधलीं असतील त्यांमागें तारीख घालण्यास मात्र विसरूं नये.